चांदणी घरी आली का?

पुस्तक कोणतंही असो, गोदाफुईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "त्यामा जनावर शे का?"

"आहे" म्हटलं की ती पदर खोचून माझ्यासमोर मांडी ठोकायची. "नाही" म्हटलं की "मंग ठी दे" म्हणून उठायची. मग त्या पुस्तकात राजे असोत, महाल असोत, की एखादी सुंदर नायिका विहिरीच्या काठावर उभी राहून रडत असो, फुईला त्याचं काही नव्हतं. पण नुसतं एक शिंगरू किंवा पिंजऱ्यातला पोपट जरी निघाला, तरी तिचे डोळे असे चमकायचे की वाचणाऱ्यालाच वाटावं, आपल्या हातात काहीतरी जिवंत आहे!

गोदाफुई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. पोरवयातच कपाळ पांढरं झालं आणि ती रनाळ्याला भावाच्या घरी आली, ती कायमची. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे घर फुईच्या हातात होतं. उंच, हाडकुळी, चालायला लागली की आपल्याला पळावं लागे. आवाज असा की परसातून हाक मारली तर मळ्यातला सालदार "ओ" द्यायचा. तिला अक्षर येत नव्हतं. पण पुस्तक ऐकावं तर तिनेच. तिच्यासारखं ऐकणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही, म्हणून ही पानं लिहिते आहे. तोंडाने सांगायला बसले असते तर पहिल्याच वाक्याला उठून पळाले असते. कागद माझ्याकडे बघत नाही, हे बरं आहे.

लग्न होऊन रनाळ्याला आले त्याच दिवशी गल्लीतल्या बायकांनी मला ओसरीवर घेरलं आणि नवऱ्याचं नाव घे म्हणाल्या. आईने माझ्याकडून नावं घोकून घेतली होती. पण तोंड उघडेना. बायका थांबल्या, मग खुसखुसल्या. शेजारच्या सोनाबाईची जीभ फार तिखट. ती म्हणाली, "गोदामाय, वहू आनी का पाटा आना वं? बोलतच नही!"

फुई गर्दीतून पुढे आली. "कितवी शिकेल शे?"

मी पदराआडून म्हटलं, "चौथी."

"चौथी!" फुईने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "चौथी शिकेल शे अन नाव लेता येत नही? मंग ते शिकेल कोठे ठी दिधं?"

सगळ्या हसल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुई शाळामास्तरांच्या घरून एक पुस्तक घेऊन आली आणि माझ्या मांडीवर आपटलं. "नाव नको लेवू. हाई वाच."

त्या पुस्तकात खरं म्हणजे जनावर नव्हतंच. एका वकिलाची आणि त्याच्या मामेबहिणीची गोष्ट होती. फक्त दुसऱ्या प्रकरणात वकील घराबाहेर पडतो तेव्हा एक करडी मांजर रस्ता ओलांडते, एवढाच तिचा उल्लेख. फुईने ती मांजर पकडून ठेवली. पुढे वकिलावर किती संकटं आली, मामेबहिणीला घरात कोंडलं, आगगाडीतून पळून जाणं झालं. मी वाचताना स्वतः रडले. फुई दर प्रकरणानंतर विचारायची, "अन मांजर?" शेवटी दोघांचं लग्न झालं, पुस्तक मिटलं. फुई भडकली. "लगीन व्हयनं ते व्हयनं. मांजर कोठे गयी? लिखनारानी तिले रस्तामा सोडी दिधी अन हाऊ लगीनमा जेवाले बठना!"

तेव्हापासून ती आधी चौकशी करूनच पुस्तक आणू लागली. मास्तरीणबाई देशावरच्या, शुद्ध बोलणाऱ्या. त्यांच्या दारात उभी राहून फुई विचारायची, "जनावर शे ना? शेवटलोंग ऱ्हास ना?" मास्तरीणबाईंना आधी हसू यायचं. मग त्या स्वतःच निवडून ठेवू लागल्या. हत्तीच्या पिलाची गोष्ट आली, एका धनगराच्या कुत्र्याची आली, आंधळ्या म्हाताऱ्याला वाट दाखवणाऱ्या खेचराची आली. ते खेचर तर आमच्या गल्लीत महिनाभर राहिलं! बायका पाणी भरायला जाताना एकमेकींना विचारायच्या, "पोचनं का वं ते?"

आणि गंमत अशी की घरातल्या जनावरांशी फुई अजिबात गोड वागायची नाही. म्हशीला पहाटेपासून शिव्या. मांजर चुलीशी दिसली की फुंकणी भिरकावायची. एकदा सोनाबाईने टोमणा मारला, "पुस्तकनी म्हैस मरनी तं रडस, अन घरनीले काठी!" फुई म्हणाली, "घरनी म्हैस लाथ मारस. पुस्तकनी मारस का?" सगळ्या हसल्या, पण नंतर शेंगा तोडता तोडता ती एकदम गंभीर होऊन म्हणाली, "मानूस बोलस म्हनीसन खोटं बोलस. गोष्टमा बी बोलस, मंग माले वाटस, हाऊ खरं सांगी ऱ्हायना का लबाडी करी ऱ्हायना? जनावरले बोलताच येत नही. त्यानं जे शे ते तोंडवर शे." मी त्यावर खूप विचार केला. आजही पुस्तकात कुत्रं किंवा घोडं आलं की मी सावरून बसते, ते तिच्यामुळे.

वाचन व्हायचं ते भुईमूग निघाल्यावर. दिवाळीच्या सुमारास उपटलेले वेल गाड्या भरभरून अंगणात यायचे आणि गल्लीतल्या बायका गोल बसून त्यांच्या शेंगा तोडायच्या. तोडलेल्या शेंगांच्या पाट्या भरायच्या, हात मातीने लाल. त्यात फुईने माझी सोय केली. "तुन्या वाटान्या शेंगा मी तोडसू. तू वाच." ती दोन्ही हातांनी दोघींचं काम करायची आणि नजर माझ्या तोंडावर. कुत्रं पुरात सापडलं की तिच्या हातातला वेल तसाच राही. कुत्रं काठाला लागलं की शेंगा अशा तडातड पडत की पाटी हां हां म्हणता भरे.

मात्र हे सगळं बाबा, म्हणजे माझे सासरे, शेतावर असतानाच. त्यांची चाहूल लागली की मी पुस्तक पदराखाली घ्यायची आणि गप्प. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे बोलत नाही. बाबा फार भले होते, पण लग्न होऊन इतके दिवस झाले तरी मी त्यांच्याशी शब्द बोलले नव्हते, तेही माझ्याशी बोलले नव्हते. त्यांना पाणी हवं असेल तर ते खांबाला सांगायचे, "पानी जोयजे व्हतं." मी तांब्या खांबापाशी ठेवायची.

मग एके वर्षी चांदणी आली.

पुस्तकाचा पुठ्ठा गेलेला होता, त्यामुळे नाव मला आजही ठाऊक नाही. यमुना नावाची एक मुलगी आणि तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेली घोडी. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नाव चांदणी. लहान असताना कुत्र्याने उजव्या कानाचा लचका तोडलेला. मी वाचायला लागले आणि पहिल्या दिवसापासून अंगणात काहीतरी वेगळंच झालं. चांदणी यमुनेच्या पदरातून दाणे कशी काढते, यमुना रुसली की तिच्या पाठीवर मान कशी ठेवते. बायका काम विसरायला लागल्या! सोनाबाई, जी सगळ्यांची टिंगल करायची, तीच म्हणाली, "आज एक प्रकरन जास्ती वाच वं, मी तुन्हं पानी भरी देसू."

पुढे दुष्काळ पडतो आणि यमुनेचा बाप चांदणीला घोड्यांच्या बाजारात विकून टाकतो. त्या दिवशी कोणी घरी गेलंच नाही. फुईच्या डोळ्यांतून घळघळा पाणी, हात मातीचे म्हणून पुसताही येईना. सौदागर चांदणीला लांबच्या मुलखात नेतो, तिथे तिला चांगलं खायला आहे, झूल आहे, पण ती दाण्याला तोंड लावत नाही. आणि एका पहाटे ती दावं तोडते आणि निघते. "समोर वाट होती आणि वाटेला कुणी नव्हतं," असं वाक्य होतं. तिथे प्रकरण संपलं. दिवेलागण झाली होती. फुई म्हणाली, "सकाय वाचसूत."

सकाळी मास्तरांची गाडी दारात उभी! धानोऱ्याला बदली झाली होती, सामान लादून निघाले होते. मास्तरीणबाई गाडीतूनच म्हणाल्या, "गोदाबाई, आमचं पुस्तक राहिलंय हो तुमच्याकडे." फुई आत गेली, पुस्तक आणलं, पदराने पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्याची वस्तू मागितली की द्यायची, अशी तिची रीत. गाडी वळणाआड गेली तशी ती माझ्याकडे वळली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आते तिन्हं काय व्हई वं?"

त्यानंतर महिनाभर घरात एवढाच विषय. फुईचं जेवणावर लक्ष नाही. दळताना मध्येच जातं थांबवायची. "पोचनी व्हई का?" एकदा मी धीर करून म्हटलं, "फुई, ती गोष्ट आहे. लिहिणाऱ्याने रचलेली." फुईला ते पटेना. "पोटमाईन असं कोनी काढस का? कान फाटेल, कपायवर ठिपका! कोठे तरी पाह्यं व्हई तव्हयच लिखं ना!" मग जरा विचार करून म्हणाली, "घोडास्ना बजारमा इकी, असं लिखेल शे ना?"

"हो."

"घोडास्ना बजार म्हने तं सारंगखेडा. दुसरा कोठे शे?"

मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची जत्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार. बाबा दरवर्षी दर्शनाला जायचे, बैलांसाठी घुंगरमाळा आणायचे. त्या वर्षी फुई म्हणाली, मी येते आणि वहूलाही आणते. बाबांना वाटलं, दर्शनाला. तापीच्या उतारावरून गाडी पलीकडे गेली, पाणी चाकाच्या तुंब्याला लागत होतं, आणि पलीकडे पोचलो तो काय तो देखावा! बाभळींच्या खाली घोडेच घोडे. पांढरे, काळे, तांबडे, अबलख. खिंकाळ्या, धूळ, रंगीत फुलांचे गोंडे, सौदागर घोड्यांना रेवाल चालीने पळवून दाखवताहेत. मी असं काही उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पदर सांभाळू की बघू असं झालं!

फुईने देवाला लांबूनच हात जोडले आणि थेट पहिल्या रांगेत घुसली. "ओ दादा, तुम्हनाकडे चांदणी शे का? कपायवर ठिपका, उजवा कान फाटेल?"

त्या सौदागराला वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्याने ठिपक्याच्या तीन घोड्या पुढे आणल्या. फुईने एकेकीचा कान धरून पाहिला. "हाई नही. हाई बी नही."

"फटे कान की कौन लेता है, बाई?" तो म्हणाला. "अच्छे कान की ले जाव!"

"अच्छा कानन्या कसाले जोयजे माले?" फुई पुढच्या रांगेत.

बाबा मागून आले. त्यांचा चेहरा लाल झालेला. "गोदा, अवं ते पुस्तक शे! लोके हसतीन."

"तेस्ले दात शेतस, हसतीन," फुई म्हणाली, आणि पुढच्या घोडीचा कान धरला.

तिसऱ्या रांगेत एक म्हातारा सौदागर खाटेवर बसला होता. माळव्याकडचा. त्याची पोरं आणि आजूबाजूचे सगळे त्याला चाचा म्हणत. तो हसला नाही. त्याने चिलीम बाजूला ठेवली. "किसकी घोडी थी? कैसे बिकी? ठीक से बताव."

फुईने माझा दंड धरला आणि मला पुढे ओढलं. "सांग वं वहू. तुले सारं पाठ शे."

समोर परके पुरुष, घोड्यांच्या आडून आणखी डोकावताहेत, आणि दोन हातांवर बाबा उभे. मी मान हलवली. फुईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. "भाऊ, तू तथा तोंड कर."

"काय?"

"तथा. घोडास्कडे. पोर सांगी ऱ्हायनी."

आणि बाबांनी खरंच पाठ फिरवली! भर जत्रेत, एवढा पागोटं घातलेला मोठा शेतकरी, एका घोडीच्या शेपटीकडे तोंड करून उभा राहिला. मग मी सांगायला लागले. पुस्तक हातात नव्हतं, पुस्तकातले शब्दही घाईत सापडेनात, म्हणून आमच्या बोलीतच सांगितलं. आधी कुजबुज केल्यासारखं. चाचा म्हणाला, "जोर से, बेटी." मी जरा जोरात सांगितलं. बाटलीने दूध पाजलं, कानाचा लचका तुटला, पदरातले दाणे, दुष्काळ. माणसं जमत गेली. घोडी विकल्याचं सांगितलं तेव्हा एक तरणा सौदागर चुकचुकला. तो स्वतः रोज हेच करतो, पण चुकचुकला! "अन दावं तोडं, अन निंघनी," एवढं सांगून मी थांबले.

पाठमोऱ्या बाबांचा आवाज आला. "मंग?"

त्यांनी विचारलं ते घोडीच्या शेपटीला, पण विचारलं! मी पदर पुढे ओढला. फुई म्हणाली, "मंग मास्तरनी बदली व्हयनी."

एकच गलका झाला. तरणा म्हणाला, घोडी रस्त्यात दुसरा कोणीतरी धरेल. एक म्हणाला, लांडगे खातील. दुसरा म्हणाला, आईकडे जाईल, आई जिथे असेल तिथे. फुई कंबरेवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाली, "तुम्ही देखं का? नही ना? मंग चूप बठा." चाचा मात्र बराच वेळ दाढी कुरवाळत होता. शेवटी म्हणाला, "नहीं आएगी, बाई. जानवर का घर वहीं, जहाँ दाना. दो दिन भूखी घूमेगी, फिर लौट जाएगी सौदागर के पास. मैंने उमर भर देखा है."

फुईचा चेहरा पडला. ती एकदम निघालीच. घुंगरमाळा घेतल्या नाहीत, गोडशेव घेतली नाही.

परतीच्या वाटेवर बाबा गाडी हाकत होते, मी आणि फुई मागे. तापी ओलांडून गाडी वर चढली. मग ती म्हणाली, मला म्हणाली की बैलांना, कोण जाणे:

"जठे दाना तठे घर म्हने. दाना तं माले सासरले बी भेटे. मी उनूच ना घर?"

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, विधवा झाल्यावर भाऊ तिला रीतीने घेऊन आला. तसं नव्हतं, हे तिने त्या गाडीत सांगितलं. दोन वेळचं जेवण देत होते ते लोक, पण ती पोर एका सकाळी एकटीच निघाली होती. शेताशेतांतून, वाट विचारत विचारत, रनाळ्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी बाबांच्या पाठीकडे पाहिलं. त्यांच्या हातातला कासरा सैल पडला होता. बैल आपल्या आपण चालत होते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबांनी पहाटेच गाडी जुंपली. "नंदुरबारले जास," म्हणाले. "बैलजोडी देखाले." दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर परतले. बैल घामाघूम. बैलजोडीचं नावही नाही. उपरण्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं, ते फुईच्या पुढे ठेवलं. "मास्तर भेटना वाटमा. त्यानी दिधं."

फुईने उपरणं सोडलं. पुठ्ठा नसलेलं ते पुस्तक! तिने भावाकडे पाहिलं. "धानोराना मास्तर तुले नंदुरबारना कोनता वाटमा भेटना रे?"

"तुले जोयजे का नही?" बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. नंदुरबारच्याही पलीकडे धानोरा. बैलांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

फुई जाऊन आता काही वर्षं झाली. जगभरची ती मोठी लढाई संपली त्या पावसाळ्यात ती तापाने गेली. शेवटचे दिवस मी तिच्याजवळ होते आणि तेही सगळं मला आठवतं, पण ते लिहावंसं वाटत नाही. तिचं नाव काढलं की मला दिसते ती धानोऱ्याहून पुस्तक आलं त्या संध्याकाळची फुई.

बातमी गल्लीत कशी पसरली देव जाणे. भाकरी टाकून बायका आल्या. सोनाबाई पिठाच्या हातानेच आली. ओसरीवर बसायला जागा उरली नाही. फुईने शेंगा भाजून टोपलीभर मध्ये ठेवल्या. बाबा बाहेर ओट्यावर भिंतीला टेकून बसले, रस्त्याकडे तोंड करून, जसे काही ते रस्ताच बघायला बसले आहेत.

मी पान उघडलं. "समोर वाट होती आणि वाटेला कुणी नव्हतं." पुढचं प्रकरण शेवटचं होतं.

"थांब!" फुईने माझ्या हातावर हात ठेवला. "मोठ्यांदा नको. पहिले तू मनमा वाच. चांगलं नशीन तं माले नको सांगू. मी तुन्हं तोंड देखसू."

"हाई काय नवीन?" सोनाबाई ओरडली. "मंग आम्ही काय तोंड देखाले उनूत का?"

"हा, तेच देखा!" फुई म्हणाली.

मग मी मनात वाचायला लागले आणि अख्खी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत बसली. ज्या मला चार माणसांनी पाहिलं तरी घाम फुटतो, त्या माझ्याकडे! पण त्या दिवशी मला त्याची शुद्धच राहिली नाही. चांदणी चालत होती. काटे लागत होते, फासळ्या दिसायला लागल्या होत्या. एका गावात तिला धरलं, ती सुटली. मग मोठी नदी आडवी आली आणि ती काठावर उभी राहिली. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या असणार, कारण सोनाबाई "अरे देवा" म्हणाली. मी पान उलटलं. पलीकडे जाणारी कुंभाराची गाढवं आली. ती पाण्यात उतरली, आणि त्यांच्यामागून... मी आणखी एक पान उलटलं. यमुना अंगणात धान्य पाखडत बसलेली. सुपावर एक सावली पडते. ती वर बघायच्या आधी एक तोंड तिच्या पदरात शिरतं.

माझे डोळे भरले आणि त्याच वेळी मला हसूही आलं. फुईने ते पाहिलं. तिने तोंडावर हात दाबला. बायकाही समजल्या, सोनाबाईने तर शेजारणीला पिठाच्या हाताने मिठीच मारली. पण कोणी आवाज केला नाही, कारण फुईने बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना दटावलं होतं.

ओट्यावर मात्र नुसती शांतता ऐकू जात होती. तिथून माझं तोंड दिसत नव्हतं. बाबा खाकरले. मग जरा थांबून परत खाकरले. "अरे, कोनी बोला तरी!"

"तूच इचार ना तिले," फुई म्हणाली. "मन्हं तोंड शेंगास्नी भरेल शे."

तिच्या तोंडात एकही शेंग नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे असे लकाकत होते की काय सांगू!

मग बाबांचा आवाज आला, खांबाला नाही, रस्त्याला नाही.

"काय व्हयनं माय?"

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. पदर नीट केला. वाटलं, आवाज निघणारच नाही. पण निघाला, आणि चांगला मोठा निघाला.

"घर उनी, बाबा!"

मग जो गोंधळ झाला तो काय विचारता! बायका ओरडायला लागल्या, समोरच्या घरातली माणसं कोण आलं कोण आलं म्हणत बाहेर धावली. बाबा म्हणाले, "सारं वाच आते. पहिलापाईन." मी वाचायला सुरुवात केली. काटे, फासळ्या, नदी, कुंभाराची गाढवं. ओसरीवर कोणी हलत नव्हतं. पान उलटताना मी फुईकडे पाहिलं. एवढी वर्षं माझ्या तोंडावरची नजर न काढणारी फुई भिंतीला डोकं टेकून, तोंड जरा उघडं टाकून गाढ झोपली होती. सोनाबाईने खूण केली, आवाज बारीक कर.

मी केला नाही. बाबा भिंतीपलीकडे होते. त्यांना ऐकू जायला हवं होतं.